गप्प बसणाऱ्याचं मत

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझ्या कुंड्या, तुझा रक्तदाब, तुझे गुडघे आणि वरच्या मजल्यावरच्या बाई हे सगळे आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करते. (क्रम तुझ्या आवडीप्रमाणे लावला आहे.) माझी तब्येत चांगली आहे. पाठ तेवढी धरली आहे, आणि त्याला कारण स्ट्रेचर आहे. ते पुढे येईलच.

तू माझ्याशी बोलत नाहीस, याला आज तेरा दिवस झाले. लहानपणचा तुझा सगळ्यात मोठा अबोला नऊ दिवसांचा होता, मी तुझ्या भूगोलाच्या वहीत नद्यांना लाल रंग दिला तेव्हाचा. तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला समजलं आहे. त्या रविवारी दुपारी मी तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, आणि मी वरच्या बाईंना सांगून कुलूपवाला बोलावला. तू गच्चीत केस वाळवत होतीस. खाली आलीस तर जिन्यात ही गर्दी. पुढचं काही दिसेना, म्हणून तू मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी विचारलंस काय झालं, तर तो म्हणाला, एक वयस्कर बाई आहेत, एकट्याच राहतात, फोन उचलत नाहीत. आणि तू 'अरेरे' म्हणालीस. हे मला वरच्या बाईंनी सांगितलं. पाच मिनिटं तू स्वतःबद्दलच हळहळत उभी होतीस, हे कळल्यावर मला हसू आलं, हे मी कबूल करते. पण ते नंतर. आधीची दहा मिनिटं माझ्याकडे हसू नव्हतं.

मी असं का केलं ते तुला नीट सांगायला हवं, आणि त्यासाठी आधीच्या गुरुवारी कारखान्यात काय झालं तिथून सुरुवात करायला हवी. तू नेहमी म्हणतेस की माझं काम तुला कधी कळलंच नाही, लोक विचारतात तेव्हा तू 'ती बटणं बघते' असं सांगतेस. ते चूक नाही. पण बटणांच्या मागे काय असतं ते आज ऐक.

आमच्याकडे अमोनियाच्या मोठ्या टाक्या आहेत. तो वायू बाहेर पडला तर माणसाला विचार करायला सवड मिळत नाही, म्हणून विचार आधीच करून यंत्राला शिकवून ठेवावा लागतो. हेच माझं काम. टाक्यांच्या आवारात आम्ही तीन पहारेकरी ठेवले आहेत. एका खांबावर दिवा, समोरच्या खांबावर त्या दिव्याकडे टक लावून बघणारा डोळा, अशा तीन जोड्या. मध्ये वायू आला की डोळ्याला कळतं आणि तो ओरडतो. एकटा ओरडला तर आम्ही नुसती चौकशी करतो, कारण एकट्याला भास होऊ शकतो. तिघांपैकी दोघे ओरडले की कुणालाही न विचारता कारखाना बंद, भोंगा सुरू आणि माणसं बाहेर. (आपल्या घरी आई, बाबा आणि आजी यांच्यात हीच पद्धत होती, फक्त आजीची दोन मतं असत.)

आता खरा प्रश्न असा, की एखादा पहारेकरी ओरडत नाही, पण सगळं ठीक आहे असंही सांगत नाही, नुसता गप्प होतो, तेव्हा काय समजायचं? बावीस वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्या टेबलावर आला, आणि मी कागदावर लिहिलं की गप्प बसणाऱ्याचं मत 'धोका' असं धरावं. सगळ्यांना वाटलं मी फार अभ्यास केला असेल. मी अभ्यास केला नव्हता, मला फक्त आपल्या कॉन्व्हेंट शाळेतली मदर आठवली.

तुला आठवते ना? शाळेची सहल, परत निघताना रांग, आणि प्रत्येकीनं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा. मदर बोटानं कधी मोजत नसे. म्हणे, बोट चुकतं, मुलगी चुकत नाही. मी एक्केचाळीस होते. चाळीसवाली म्हणाली, मग कुणीच काही म्हणालं नाही, आणि बेचाळीसवाली तोंड उघडणार तोच मदरनं हात वर केला. बसवाला ओरडत होता, पाऊस येतो म्हणत होता. मदर एवढंच म्हणाली, "जी बोलत नाही, तिला आधी शोधायचं." तू मोठ्या मुलींच्या रांगेतून न विचारता पळालीस आणि मला हौदाच्या मागे, पुस्तक पोटावर ठेवून झोपलेली शोधून काढलंस. आधी चिमटा काढलास आणि मग रडलीस. माझी सगळी विद्या तेवढीच आहे, ताई. पुढच्या पदव्यांनी तिच्यावर फक्त कव्हर घातलं.

तर गुरुवार. आमच्याकडे तपासणीला बाहेरून पाहुणे येणार होते, म्हणून खांब रंगवायला काढले होते. त्याच सकाळी एक डोळा साफ करायला खाली उतरवायचा होता. खाली उतरवलेला डोळा गप्प, म्हणजे एक मत धोक्याच्या बाजूला पडलेलंच. अशा वेळी आवारात दुसरं काही काम चालू द्यायचं नाही, हा नियमही माझाच. डोळा उतरवायच्या कामाच्या परवान्यावर मी सही केली. रंगाच्या परवान्यावरही मीच सही केली, दोन मिनिटांच्या अंतरानं, त्याच पेनानं, मध्ये चहाचा एक घोट.

आमचा रंगारी फार सभ्य माणूस आहे. त्याला खांबावरचा दिवा दिसला. त्यानं खिशातून स्वच्छ फडकं काढलं आणि दिव्याला डोक्यावरून पदर घ्यावा तसं गुंडाळलं. त्याबरोबर समोरचा डोळा आंधळा झाला, गप्प झाला, आणि दुसरं मत पडलं. पाहुणे तेव्हा मोठ्या साहेबांच्या खोलीत पहिलं बिस्कीट उचलत होते. भोंगा झाला. नंतर मी रंगाऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुमच्या दिव्याला रंग लागू नये म्हणून झाकला." बावीस वर्षांत त्या दिव्याची एवढी काळजी कुणी घेतली नव्हती.

भोंगा झाला की हातातलं टाकून फाटकाजवळच्या जागेवर जमायचं, हे मी दरवर्षी सगळ्यांना शिकवते. मी मात्र गेले नाही. मला वाटलं, कुठल्या डोळ्यामुळे झालं एवढं बघावं, म्हणून मी यंत्रांच्या खोलीत कपाटात डोकं घालून बसले. तिकडे फाटकाशी आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं (त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती गळ्यात नसेल तर तो ओळखू येत नाही) हजेरी घेतली. एकशे बेचाळीसपैकी एकशे एक्केचाळीस. पाहुण्यांसकट सगळे उन्हात उभे, आणि एक बाई कमी.

मला आणायला मुखवटे घातलेली चार माणसं आली. मी म्हटलं, काही झालेलं नाही, नुसतं फडकं आहे, मी चालत येते. शिट्टी मुखवट्यातून म्हणाला, "मॅडम, नियम तुमचाच आहे. आडव्या व्हा." आत सापडलेल्या माणसाला चालू द्यायचं नाही, असं मीच लिहून ठेवलं आहे, कलम सात. तेव्हा मी आडवी झाले. चष्मा कपाळावर, पर्स पोटावर, आणि स्ट्रेचरचा एक दांडा दुसऱ्यापेक्षा आखूड. पाहुण्यांच्या समोरून मला नेलं तेव्हा काय करावं ते सुचेना, म्हणून मी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला. आणि मी पोचल्यावर शिट्टी ओरडला, "एकशे बेचाळीस!" तेव्हा एकशे एक्केचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. ताई, मला उगाच रडू आलं. पाठीमुळे असेल.

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते रागावले नाहीत, तेच जड गेलं. त्यांचं म्हणणं असं, की वायू एकदाही सुटला नाही आणि माझ्या नियमापायी कारखाना आजवर चार वेळा उगाच बंद पडला. आता निवृत्त होता होता हे एक वाक्य बदलून द्या. "गप्प म्हणजे ठीक, असं धरा की." कागद तयार होता. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली. खरं सांगू? मी सही करणार होते. दमले होते, आणि चूक माझ्याच पेनाची होती.

म्हणून रविवारी तुला फोन केला, तुझं मत घ्यायला. तू उचलला नाहीस. अर्ध्या तासानं परत केला. गप्प म्हणजे ठीक, असं मी स्वतःला म्हणून पाहिलं. म्हणता आलं नाही. वरच्या बाई फोन कानाला लावून दाराशी उभ्या, कुलूपवाला खुडबुडतोय, आणि मी इकडे तुझ्या स्वयंपाकघरातली फरशी, न्हाणीघराचा उंबरठा, पलंगाची कड असं एकेक डोळ्यांसमोर आणत होते. तू ठीक होतीस. म्हणजे माझा नियम पाचव्यांदा चुकला. सोमवारी मी साहेबांना कागद सही न करता परत दिला, आणि त्याऐवजी एक नवा नियम लिहून दिला, की दोन परवान्यांवर एकाच माणसानं सही करायची नाही. ते हो म्हणाले.

तर कुलूप मोडल्याबद्दल माफ कर. दाराला चरा पडला आहे असं कळलं, तो रंगवून देईन, माझा रंगारी सभ्य आहे. पण फोन केल्याबद्दल माफी मागत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. नव्या कुलपाची एक किल्ली वरच्या बाईंनी मला पाठवली आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. दोघींचं मत पडलं होतं.

ता. क. २. वरचं सगळं मी तुझ्या काळजीपोटी लिहिलं असं वाटेल, पण ते तितकंसं खरं नाही. या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे. हे गेल्यापासून घरात आकडा म्हणायला मी एकटीच, आणि आता फाटकाशीही कुणी मोजणार नाही. मी हौदामागे झोपून राहिले तर बस सुटेल, ताई. तुझी मागची खोली रिकामी आहे का? कुंड्यांना मी हात लावणार नाही.

ता. क. ३. अबोला मोडायचा नसेल तर मोडू नकोस. पुढच्या रविवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही, तर ते 'ये' असं धरलं जाईल. किल्ली माझ्याकडे आहेच.

एक्केचाळीस