मालकिणीची लेक

छकुलीच्या बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, खोकलाही गेला. सासूबाईंचा गुडघा कसा आहे?

छकुली आता जाऊबाईंच्याच हातून जेवते, असं तुम्ही लिहिलंत. बरंच झालं म्हणायचं, पण तेव्हापासून मला खोलीवर एकटीनं जेवण जाईना. म्हणून काल कामावरून येताना आमच्या गल्लीतल्या रामेनच्या खानावळीत गेले. रामेन म्हणजे गरम रश्शातल्या लांब शेवया. मालकीण एकटीच रांधते आणि वाढते. तिची लहानगी लेक आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसली. मी फुंकर घालून तिला भरवू लागले, तशी पोरगी खुदखुदू लागली.

मालकीण हातातला झारा ठेवून आली. "द्या इकडे, तुमचं गार होतंय," म्हणाली आणि लेकीला उचलून घेऊन गेली. ओठांवर हसू होतं, डोळ्यांत नव्हतं. मला तिचा राग आला नाही. तुमचं पत्र आल्यापासून मीही जाऊबाईंवर अशीच जळतेय.

हे जाऊबाईंना सांगू नका, छकुलीला त्या जीव लावतात. फक्त रोजचा पहिला घास तुम्ही भरवा आणि तो आईचा म्हणून सांगा.

जीव तिथेच ठेवून आलेली,
तुमची