दुसऱ्या मडक्यातली मूठ

मिशन कंपाउंड, नागपूर
१० जून १९७३

चि. प्रेमलता हिले आजीचा सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

पत्र भेटलं. मिरजेच्या हॉस्पिटलात तुले रात्रपाळी लागली हे वाचून बरं वाटलं, लहानपणापासून तुझी झोप जास्तच होती. मी तिसरीपर्यंत शिकली तरी माझं अक्षर लोकाईले लागते. तू नर्सबाई व्हायच्या आधीच डॉक्टरावाणी काहून लिहून राहिली?

इकडे तांदूळ महाग झाला. रेशनात परदेशातली लाल मिलो ज्वारी भेटते, त्याले कोंबडीही तोंड लावत नाही. तरी माझी दोन्ही मडकी चालू आहेत. चूल पेटवायच्या आधी एक मूठ देवाच्या मडक्यात, ती रविवारी चर्चात जाते. दुसरी मूठ वाईट दिवसाच्या मडक्यात. ते भरलं की विकायचं अन् पैसे डाकघरात.

माझा भाऊ, तुझा लाडका देवाजी आजोबा, आहे तसाच आहे. हातात सुतारकीचा रंधा अन् खिशाले भोक. पाखरं पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी देव त्याईले खाऊ घालते, हे मलेच शिकवते. मी म्हटलं, पाखरं तुझ्यावाणी उधारीचा चहा पीत नाहीत. आता नवीन काढलं, कंदिलाभोवती रंगीत कडं दिसते म्हणे. कंदील संत झाला का गा, असं मी विचारलं. परवा बाजूले ठेवलेली घागर दिसली नाही, लाथेनं फोडली. कौशल्यानं नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

मोतीबिंदू असन. काल येऊन म्हणाला की सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होते, पण महिनाभर काम बंद राहीन, तेवढे दिवस त्याच्या घरची चूल मी सांभाळावी. मी सांगितलं, मोतीबिंदू कच्चा काढत नसतात, पिकू दे. डाकघरातली माझी पाच वर्षांची ठेवही डिसेंबरात पिकते. मग पाहू. हसला अन् गेला.

लोभ आहेच. कमी पडला तं कळव, वाढवून देईन.

तुझी आजी
सत्यवती

---

मिरज
२० जून १९७३

ती. आजीस प्रेमलताचा प्रेमपूर्वक सलाम. वि. वि.

अक्षर सुधारून लिहीत आहे, कारण या पत्रातला शब्दन् शब्द तुला लागला पाहिजे.

आजोबांचं तू गमतीनं लिहिलंस, पण मी ते आमच्या डोळ्यांच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगितलं. दिव्याभोवती कडं दिसणं आणि बाजूचं न दिसणं हे मोतीबिंदूचं नसावं, काचबिंदूचं असावं, असं ते म्हणाले. आजी, मोतीबिंदू उशिरा काढला तरी दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते. तो पिकायची वाट पाहायची नसते. त्यांना याच आठवड्यात दवाखान्यात ने.

मेसचे पैसे कापून माझ्याकडे पंधरा रुपये उरले, ते मनिऑर्डरनं पाठवले आहेत. त्यांच्या घरी धान्य भर.

आणखी एक लिहिते, रागावू नकोस. आई आणि बाबा एकाच आठवड्यात पटकीनं गेले तेव्हा घरात दुसऱ्या शवपेटीपुरते पैसे नव्हते. आजोबांनी स्वतःच्या घराचं दार उतरवून त्याच्या फळ्यांची पेटी केली आणि तो हिवाळा दाराला गोणपाट लावून काढला. हे तूच मला सांगितलं आहेस. दुसरं मडकं तू त्यानंतर मांडलंस.

माझ्यावरची माया कायम असू दे, या पत्रानंतरही.

तुझी
प्रेमलता

---

नागपूर
५ जुलै १९७३

चि. प्रेमलता हिले आशीर्वाद. वि. वि.

तू मले दाराची आठवण करून दिली. मी विसरली होती का वं? ते दार डोळ्यापुढून हटत नाही म्हणून तं ते मडकं आहे. पुन्हा कोणाचं दार माझ्यापायी उतरू नये.

दोन वर्षं शिकून तू आजीले शहाणपण शिकवते. शेजारच्या मनकर्णेचा मोतीबिंदू तीन वर्षं पिकवला, आता ती सुईत दोरा ओवते. ठेव आत्ता मोडली तं व्याज जाते. तुझे पंधरा रुपये मी डाकघरात तुझ्या नावानं टाकले. तुह्याही पुढं वाईट दिवस येतील, तेव्हा मी नसन.

मागच्या रविवारी पादरीसाहेबांनी योसेफावर उपदेश केला. सात चांगल्या वर्षांत त्यानं धान्य भरलं म्हणून सात वाईट वर्षांत मिसर देश जगला. सारा वेळ माझ्याकडेच पाहून बोलले. देवाजी मागच्या बाकावर पेंगत होता.

त्याचा एक डोळा चांगला आहे. खिडकीच्या चौकटी करून राहिला, चहाही पिऊन राहिला. वाईट दिवस कसा असते हे मले माहीत आहे. हा वाईट दिवस नव्हे. हा देवाजीचा रोजचा दिवस आहे.

तब्येत सांभाळ. रागात लिहिलं तरी आशीर्वाद पुरा दिला आहे, तो घे.

सत्यवती

---

मिरज
१६ जुलै १९७३

ती. आजीस सलाम. वि. वि.

मी सुट्टी मागितली. परीक्षेआधी मिळत नाही. म्हणून पुन्हा कागदावरच भांडते.

योसेफानं कोठारं भरली, पण ती उघडलीही त्यानंच. भुकेले लोक दाराशी आले तेव्हा अजून मुदत भरली नाही, असं तो म्हणाला नाही. वाईट दिवस मला ओळखता येतो, असं तू म्हणतेस. हा तुझा नाही, आजोबांचा आहे, म्हणून तर तुला ओळखू येत नाही ना?

हे लिहून दोनदा वाचलं. पण खोडत नाही.

तुझीच
प्रेमलता

---

नागपूर
९ सप्टेंबर १९७३

चि. प्रेमलता हिले आशीर्वाद. वि. वि.

दीड महिना उत्तर दिलं नाही. तुह्या पत्राचा राग होता. आता राग नाही.

चर्चात बायबलातला शास्त्रपाठ देवाजी वाचते हे तुले माहीत आहे. तीस वर्षांत त्याची एक पाळी चुकली नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी उभा राहिला, पुस्तक नाकाशी नेलं अन् वाचू लागला. पहिल्या ओळीतच मले समजलं की तो वाचत नाही, पाठ असलेलं बोलून राहिला. तेही त्या दिवशीचं नव्हतं, दुसरंच होतं. पोरं हसली. मग अडकला. पान उलटलं, पुन्हा उलटलं. पादरीसाहेबांनी हात धरून बाकावर आणलं.

सोमवारी सकाळी डाकघरात जाऊन ठेव मोडली. बाबूनं सांगितलं की चार महिने थांबा बाई, व्याज जाते. मी त्याले ओरडून म्हटलं की माझं व्याज कवाच गेलं. तिथून देवाजीले रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

काचबिंदूच निघाला. उजवा डोळा गेला. डाव्यात भिंतीच्या भोकातून पाहावं एवढं दिसते, तेवढं टिकावं म्हणून ऑपरेशन केलं. पावसाळ्याच्या तोंडी आणलं असतं तं रंधा हातात राहिला असता, असं डॉक्टर म्हणाला. मी विचारलं, पिकला नव्हता ना? डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. हसला असता तं बरं झालं असतं.

देवाजीनं खाटेवर पडल्या पडल्या विचारलं की रिक्षाचं भाडं किती झालं, मी देऊन देईन.

पत्र लिहीत जा. भांडलीस तरी चालीन.

आजी

---

नागपूर
२० डिसेंबर १९७३

चि. प्रेमलता हिले आजीचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं. दोष देत नाही, असं तू लिहिलं. ते खोटं आहे, पण अक्षर चांगलं होतं.

ठेव मोडली नसती तं या आठवड्यात पिकली असती. देवाजीनं महिनाभराची चूल मागितली होती, तेवढ्यात डाकघराचं पुस्तक अर्धंही रिकामं झालं नसतं. आता त्याची जन्माची चूल आहे, अन् ती माझ्या पुस्तकात मावत नाही. दोन्ही घरं माझ्याकडे जेवतात. कौशल्या चार घरची धुणी करते. परवा त्यानं रंधा विकला. मी अडवलं तं म्हणाला, ठेवून काय पिकवायचा आहे का वं बाई? एवढंच बोलला, तेही हसून.

संध्याकाळी मी त्याले बायबल वाचून दाखवते. बोट ठेवून, तिसरीच्या चालीनं. अडली की तो पुढचं सांगते.

दुसरं मडकं उतरवणार होती. त्यानंच राहू दे म्हटलं, साठवणं वाईट नसते म्हणे. आता ती मूठ त्याच्याच हातानं टाकायले लावते. चाचपत येते, अर्धे दाणे मडक्याबाहेर अंगणात सांडते. पहिले मी एकेक दाणा वेचून घेतला असता. आता नाही वेचत. चिमण्या येतात. त्याले त्या दिसत नाहीत, चिवचिव ऐकून मान वळवते अन् किती आल्या म्हणून विचारते.

मी मोजून सांगते.

नाताळाले सुट्टी भेटली तं ये. लोभ ठेव म्हणायले तोंड नाही. पण ठेव.

तुझी आजी
सत्यवती