काचेखाली पाहिलेली गाठ

राजापेठ, अमरावती
९ जानेवारी १९६३

चि. श्रावण यास जयभीम.

पत्राला उशीर झाला, माफ कर. भ्यालो होतो. गळ्यातली गाठ काढली, मी बरा आहे. ती कॅन्सर नाही, क्षयही नाही. सार्कॉइड नावाचा आजार आहे, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही म्हणतात.

डॉक्टरांनी गाठीचा पातळ काप दुर्बिणीसारख्या यंत्रातून दाखवला. कापसाच्या बोंडांनी लगडलेलं पऱ्हाटीचं वावरच, पण जांभळं.

"हे माह्या गळ्यात होतं?"

"तुमच्याच, बुधाजी."

अजून ते डोळ्यांपुढून हलत नाही.

छातीचा फोटो काढायचा आहे, तो झाला की घरी येईन. काळजी करू नका.

क्षय समजून तुझ्या आईने माझं ताट वेगळं ठेवलं होतं. आता सर्वांसोबत मांडेल का? नातीला मांडीवर घेऊ देईल का? तिला विचारून लवकर कळव.

तुझा बाबा
बुधाजी