बेडकाची जीभ

हर्सूल, औरंगाबाद
२८ मे २००३

प्रिय अक्का,

तुला आन् दाजीला जय भीम. चिमीला एक पापी, दोन्ही गालांवर वाटून. आम्ही इकडं मजेत हावोत, फक्त तहानलेले.

पत्र बघून कपाळाला आठ्या पाडू नको. दिवाळीतलं पत्र वायलं, हे वायलं. अण्णांचा पाय शाबूत आहे. रोज त्याच पायानं मला लाथ घालत्यात, म्हणून खात्रीनं सांगतो. तवा मला तुझी लई आठवण येत होती, म्हणून पाय मोडल्याचं लिहिलं. तू रडत रडत पोरीला काखेला मारून आलीस आन् अण्णा दारात बिडी ओढत बसलेले. "पुन्यांदा तुझ्या कागदावर इश्वास ठेवला तर नाव बदलीन" म्हणालीस. नाव बदलू नको, सरिता चांगलं आहे.

आता बातमी. हर्सूलच्या तळ्यात क्रिकेटचं पिच झालंय. टँकर येतो तवा येतो. अण्णा जिथं गवंडीकामाला जात्यात तिथं नवी सात मजली बिल्डिंग उठलीय. तिथल्या स्लॅबला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. मी म्हणलं, "अण्णा, मला पण सिमेंट लावा, म्हंजी पाजत्याल." तर थापी फेकून मारली.

आपल्या गल्लीतल्या पोरांनी ठरवलं, धोंडी मागायची. अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, मुसळाला बेडूक लटकवायचा, दारोदार फिरायचं, बायांनी वरून पाणी ओतायचं. अण्णा म्हणले, "आपल्यात असलं नसतं. बेडूक पाऊस पाडतंय तर सरकार टँकर कशाला लावतंय?" पण मला देवाचं काय घेणं, मला फिरायला मिळतंय ना.

तर घोळ असा झाला, की बेडूकच घावंना! तळं हुडकलं, नाला हुडकला, पडक्या हिरीत वाकून बघितलं. एक नाय. पोरं म्हणली, पन्या, आता तूच बेडूक हो. म्हणलं, थांबा. शिवतो.

तुझी मशीन काढली. (तेल घातलं गं, बोंबलू नको.) तू दप्तरं शिवायचीस त्यातला हिरवा कॅनव्हास उरला होता, त्याचं अंग केलं. डोळ्याला अण्णांच्या कोटाची बटणं. अण्णांना अजून कळलं नाय. मागचे पाय लांब ठेवले, त्याची गाठ मारली की गळ्यात अडकवायचा पट्टा. नुस्ता बेडूक नाय अक्का, छागल आहे छागल. ट्रकच्या पुढं पाण्याची पिशवी लटकत असती तशी. तोंडातून पाणी भरायचं, तोंडातूनच प्यायचं. गळू नये म्हणून आतून भंगारवाल्याकडचं कंपनीचं जाड पोतं लावलं आन् शिवणीवर मेणबत्ती घासली. पोत्यावर एक चौकोन छापलेला होता, अर्धा लालभडक. तो मधून दुमडला, लाल बाजू वर घेतली, झाली जीभ. दुसऱ्या बाजूचं चित्र चांगलं नव्हतं, ते आत घातलं. अशी झ्याक जीभ दिसती, की बघणाराला वाटावं आता माशी पकडतोय.

तू इचारशील, पोतं धुतलं का? भंगारातलं पोतं तीन पाण्यातून काढल्याबिगर तू मशीनला लावू द्यायची नाहीस, ठाऊक आहे मला. धुतलं. पुढं लिहितो.

आज सकाळी धोंडी जोरात झाली. मी बेडकाचं तोंड बरोबर आभाळाकडं ठेवलेलं. बाया तांब्या ओतायच्या आन् पाणी गप आत. मनकर्णाबाई दोन तांबे ओतून खाली बघती तर जमीन कोरडी.

"मुडद्या, माझं पाणी गेलं कुठं?"

"मावशे, बेडूक लई दिवसाचा उपाशी होता."

"तुज्या बेडकाला पटकी येवो!"

पण हसली. शेवटी बेडूक टम्म फुगला. पोरं प्यायला धावली आन् थू थू करत पळाली. जरा लसणावानी वास होता. मी चूळ भरून दाखवली, एक घोट गिळला पण, आपण मागं हटतो व्हय? उरलेलं मनकर्णाबाईच्या शेळीला पाजलं. तिचंच पाणी तिच्याच शेळीला, हिशेब मिटला.

हे लिहितोय तवर दाजी बियाणाच्या चौकशीला आले. बेडूक बघून म्हणले, चिमीला द्या की. देऊन टाकला. त्यांच्याच हातात हे पत्र देतो.

माझं डोकं दुपारपासून दुखतंय आन् एकदा उलटी झाली. ऊन बाधलं. काळजी नसावी.

तुझा गुणी (हसू नको) भाऊ,
पन्या


२ जून

प्रिय अक्का,

जय भीम. तुम्ही सगळे बरे असाल. इकडं सगळं ठीक. टँकर काल आला, भांडणं झाली, दोन घागरी चेपल्या, नेहमीचंच.

मनकर्णाबाईची शेळी मेली.

म्हणजे धोंडीच्याच दिवशी संध्याकाळी पडली. तोंडातून लाळेची तार लागलेली, पाय थरथर, पोट भात्यावानी. सकाळपस्तोर खलास. सगळे म्हणले, ऊन. यंदा माणसं पडायलीत, शेळीचं काय. मी पण म्हणलं, ऊनच. मनकर्णाबाई मात्र माझ्याकडं बघती. ती शिव्या देती तवा बरं वाटतं. आता नुस्ती बघती.

शेळ्या काय पण खात्यात गं. प्लास्टिक खात्यात.

चिमी कशी आहे? बेडूक आवडला का? त्यातून पाणी पिती का नुस्ता खेळायला? नुस्ता खेळायला असंल तर बरंच. उगं इचारलं. माझं ऐकशील तर तो खिळ्याला टांगून ठिव, उंच, शोभेला. कॅनव्हास नाजूक आहे, पोरीच्या हातात फाटंल. चांगली वस्तू जपून ठेवावी, तूच म्हणायचीस.

आणिक एक. पोतं तीन पाण्यातून काढलं असं तुला वाटलं असंल. तीन नाय. एकाच. टँकर आला नव्हता, अण्णांच्या आंघोळीचं पाणी होतं, त्यात बुचकळलं. वास गेला होता जवळजवळ.

तुमच्या सरपंचाच्या घरी एसटीडीवरून फोन लावला. नुस्ता टुंग टुंग. अण्णा म्हणले, "पुन्हा काय खोटं सांगायचंय त्या पोरीला?" आन् रिसीव्हर हातातून घेतला. म्हणून हे पत्र सांडूमामाच्या हाती धाडतोय. त्यांची कंडक्टरकी आता बिडकीनच्या गाडीवर आहे. बिडकीनला तुमचा दूधवाला भेटंल, त्याच्याकडं देतील. उत्तर त्याच वाटंनं धाड. दोनच ओळी लिही, पण धाड.

माझं डोकं आता बरं आहे. डोळ्याला जरा कमी दिसतंय, कोपऱ्यात अंधार असल्यावानी.

खिळ्याला टांग.

पन्या


५ जून

अक्का,

तुझं उत्तर सांडूमामानं आत्ता दिलं. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

तू लिहिलंस, चिमी बेडकाला खाली ठेवंना. खिळ्याला टांगला तर रडून घर डोक्यावर घेतलं म्हणून काढून दिला. पाणी त्यातूनच मागती. निजताना जीभ तोंडात धरून चोखती. आन् दोन दिवस झाले लई लाळ गळती, दाढा येत असतील.

अक्का, दाढा नाय.

बेडूक तिच्या हातातून काढ. आत्ता. हे वाचायचं थांबव, आधी काढ, मग पुढं वाच.

आता ऐक. पोतं मी एका पाण्यातून पण काढलं नव्हतं. नुस्तं झटकलं. पाणी नव्हतं हे खरं, पण अण्णांच्या आंघोळीचं पाणी होतं. ते मी आंब्याच्या कोयी रुजवायला ओतलं आन् धुतलं म्हणून सांगितलं. तू इथं असतीस तर पोत्याला हात लावू दिला नसतास.

उरलेलं पोतं मी आज सकाळी काढलं. गल्लीतल्या पोरांना पण खेळायला असले बेडूक पाहिजे होते. कातर लावली तर शिवणीतून राळ्याएवढे काळे दाणे सांडले. मनकर्णाबाईची कोंबडी आली, टिपायला लागली. मी सुईत दोरा ओवत होतो. दोरा ओवून वर बघितलं तर कोंबडी आडवी, पंख फडफड फडफड, आन् मग ते पण नाय.

मनकर्णाबाई दारातच होती. तिनं कोंबडी बघितली, मला बघितलं आन् गल्ली गोळा केली. आधी शेळी, आता कोंबडी, याच मुडद्यानं मजा म्हणून इख घातलं. अण्णा कामावरून पळत आले. मी पाया पडून सांगितलं, "अण्णा, पोत्यात इख आहे, बेडूक चिमीकडं आहे, बिडकीनला चला." तर म्हणले, "पाय मोडला, त्याच्या आधी घरात साप निघाला, आता बेडूक इखारी झाला. कितीदा पळवशील रे?" गल्लीतली माणसं मारायला टपलेली, म्हणून मला आत घालून बाहेरून कडी लावली आन् स्वतः दारात बसले. खिडकीला गज आहेत. माझं डोकं जातं, खांदा जात नाय. दोनदा बघितलं.

म्हणून सांडूमामाला खिडकीतून हे देतोय. त्यांना तोंडी पण सांगितलं. ते हसले. म्हणले, "पन्या, नाटक झ्याक करतोस, डोळ्यात पाणी पण काढलंस." पण कागद नेतो म्हणले. गाडी सुटायला आली.

तुझा पण इश्वास बसणार नाय, म्हाईत आहे मला. तुझ्याजागी मी असतो तर चूल पेटवली असती या कागदानं. म्हणून पुरावा देतो. बेडकाची जीभ उसव. मधोमध माझा टाका आहे, जाड, वाकडा, तू नेहमी हसायचीस तसला. तो काप आन् दुमड उघड. आत मुंडकं आन् दोन हाडकं छापलीत. लाइटीच्या डीपीवर असतात तसली. मला ती शिवायच्या आधी दिसली होती. म्हणलं, पोत्याला काय करंट येतोय व्हय? चिमी भिईल म्हणून आत घातली. भिईल म्हणून, अक्का.

ते बघितल्यावर तरी दाजीला सांग, जीप करा. तुमच्या गावात फवारणीत एक माणूस पडला होता, त्याच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालती, तूच सांगितलं होतंस. मी आत्ता अण्णांच्या दाढीच्या आरशात माझी बघितली. बारीक आहे. माझं जाऊ दे, मी एकच घोट प्यायलो. चिमीची बघ. बेडूक एका पिशवीत बांधून डॉक्टरकडं संगं ने, दाखव, म्हंजी इचारण्यात वेळ जाणार नाय.

आन् जायच्या आधी तिचे कपडे काढ. साबण लाव. हंडा तिच्या अंगावर ओत. तू पाणी राखून ठेवतीस, म्हाईत आहे, वाटीनं आंघोळ घालतीस. आज राखू नको. प्यायचं असलं तरी ओत. शेजारणीचं असलं तरी माग, धोंडी मागत्यात तसं दारोदार माग आन् सगळं ओत. पोतं न धुता मी वाचवलेलं पाणी आहे ते, मला फेडू दे.

सांडूमामा खिडकीबाहेरून घड्याळ दाखवायलेत. अण्णा दारात खोकायलेत.

टाका काप, अक्का. पण आधी पाणी ओत.

आजवर तुला जेवढं लिहिलं ते सगळं खोटं धर, हा एक कागद सोडून,
पन्या