वैद्यीण आता मारतेसुद्धा

मुर्धा, रविवार

प्रिय उदयदादा,

"तू मागे थांब, आम्ही पडलो की उचल." आठवतं? आपल्या ओट्यावर फासे टाकून राक्षसांशी लढायचो, तेव्हा दर डावाला तू मला हेच सांगायचास. तू योद्धा, शेजारचा जितेंद्र मांत्रिक, मी वैद्यीण. कुणात किती जीव उरलाय ते चिंचोक्यांनी मोजायचो, आणि माझी प्रत्येक खेळी तुमच्यापुढे चिंचोके सरकवण्यातच जायची. राक्षसाला मी एकदा तरी मारलं होतं का रे?

आता ऐक, कधी एकदा तुला सांगते असं झालंय! त्या खेळाची नवी आवृत्ती आलीय. ऑफिसातली संचिता नियमांचं पुस्तक घेऊन आली. आईला एकटं सोडून मला निघता येत नाही, म्हणून आमचा खेळणारा सगळा गट तिच्या पलंगाशेजारीच बसला. आणि दादा, नियम बदललेत! वैद्यीण आता एका शब्दात जखम भरते आणि त्याच खेळीत हत्यारही चालवते. मांत्रिकाचे लाड मात्र कमी केलेत. एका मंत्रात अख्खी गुहा जाळणं बंद. जितेंद्रला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, हा सरळ अन्याय आहे. मी मागे उभी राहायचे तेव्हा सगळं समतोल होतं म्हणे!

राक्षसावर वार करायला वीस बाजूंचा फासा टाकला, वीसच पडले, म्हणजे सगळ्यात मोठा घाव! आई उशीला टेकून ओरडली, "बगतंस काय गो, हान त्याला!" अर्धं अंग गेल्यापासून तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. राक्षस मेला आणि मला रडूच आलं. संचिता म्हणाली, "अगं बाई, मॉन्स्टर मेलाय, नवरा नाही!"

पण सगळ्यात मोठा बदल तुझ्या योद्ध्यात आहे. तो आता स्वतःची जखम स्वतः बांधतो, शिकला तर दुसऱ्यालाही उठवतो. आपल्या वेळी त्याला ते येतच नाही असं पुस्तकच सांगायचं, म्हणून कुणी त्याला विचारलंही नाही.

पुढच्या महिन्यात पुण्यात या खेळाचा दोन दिवसांचा मेळा आहे. गटाने माझं नाव दिलंय. आईला भरवायचं, कुशीवर वळवायचं, तिच्या शिव्या ऐकायच्या, एवढंच काम. तू म्हणशील, नाशिकहून निघणं अवघड, आणि मला ते जमत नाही गं. तुझं 'नाही' मला पाठ आहे. तरी विचारतेय. ते दोन दिवस आईजवळ राहायला ये. या वेळी मी पुढे जाते, मागे तू थांबशील?

तुझीच,
नेत्रा