खाल्लेलं अंगी लागत नाही

६ फेब्रुवारी
झालं! रक्ताचा रिपोर्ट आला आणि घरात एकदम माझा भाव वधारला. बी-१२ तळाला गेलंय म्हणे. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनं घ्या." मी गार! दिवसभर विगच्या जाळीत सुईने एकेक केस गाठणारी बाई मी, पण ती सुई जाळीत जाते, माझ्या दंडात नाही. सूनबाई लगेच मदतीला धावली — "आई, सुया कशाला? आधी खाण्यातूनच भरून काढू!" मला इतकं पटलं की मिठीच मारणार होते तिला.

९ फेब्रुवारी
मिठी मारली नाही तेच बरं केलं. सूनबाईने मोबाइलवर आहाराचा कोर्स केलाय. प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटवलंय. गाजर नुसतं खायचं नाही — तेल-तूप सोबत नसेल तर त्यातलं जीवनसत्त्व आत शिरतच नाही. पालकावर लिंबू पिळायचं, नाहीतर त्यातलं लोह रुसून बसतं. आणि जेवणावर चहा बंद! तो लोहाची वाट अडवतो म्हणे. म्हणजे इतकी वर्षं मी जेवत नव्हते, नुसती चावत होते! आमचे चिरंजीव मान खाली घालून गिळत होते. बायकोपुढे तोंड उघडायची त्यांची टाप नाही.

१७ फेब्रुवारी
कलेजी. पुन्हा कलेजी.

२ मार्च
कारखान्यात वाईट दिवस गेला. बोटांना मुंग्या यायच्याच, आता टोकं बधिर झालीत. चिमटीत केस एक आला की दोन, हे बघावं लागत नाही — बोटांना कळतं. कळायचं. विगमध्ये कपाळाजवळच्या रांगेत एकेकच केस गाठायचा असतो, तरच तो खरा वाटतो. आज माझ्या हातून तिथे दोन-दोन, तीन-तीन गेले. मालकीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं! "ताई, उद्यापासून मागची बाजू घ्या," एवढंच म्हणाल्या. मागची बाजू! नवशिक्यांना देतात ती!
घरी बोलले नाही. भीती वाटते. फार भीती वाटते. हे काम गेलं तर मी कोण?

१९ मार्च
दुसरा रिपोर्ट. आकडा आणखी खाली! सूनबाईने आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे — पाकीटमार पकडल्यासारखं. "आई, खरं सांगा, तुम्ही टाकून देता ना?" मी? बोकासुद्धा लाजेल इतकी अंडी, मासे नि कलेजी खाल्लीय मी! डोकंच फिरलं. "तुझ्या स्वयंपाकातच काही राम नाही," म्हणून बसले. ताट तसंच टाकून उठली बिचारी. चिरंजीव आम्हा दोघींच्या मध्ये बसून शांतपणे दही संपवत होते.

२७ मार्च
डॉक्टरांनी पोटाच्या तपासण्या केल्या होत्या, आज त्यांच्याकडे गेलो. आम्ही सासू-सुना मध्ये एक खुर्ची सोडून बसलेल्या. डॉक्टर म्हणाले, स्वयंपाक उत्तम आहे, खाणारीही प्रामाणिक आहे. पण बी-१२ आत घ्यायला पोटात एक पदार्थ तयार व्हावा लागतो. तो माझ्या पोटात बनतच नाही! "कितीही खा, अंगी लागणार नाही. इंजेक्शनच हवं." वा! म्हणजे एवढ्या मेजवान्या बंद दारापुढे मांडल्या म्हणायच्या.
मग बोटांचं सांगितलं. सांगावंच लागलं. सूनबाई चमकली. "सुधारतील ना?" तिनेच विचारलं. "नसांना मार बसलाय. कदाचित सुधारतील. लवकर सुरू केलं असतं तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले. तिचा चेहरा पांढराफटक. सुईला घाबरून मीच हिच्या आड लपले, असं मी दोनदा सांगितलं. पण ही ऐकते कुठे!

१४ एप्रिल
इंजेक्शनं चालू आहेत. थकवा पळाला. जिना चढताना धाप लागत नाही. कारखान्यात मात्र अजून मागचीच बाजू.
फ्रिजवरचं प्रमाणपत्र गायब. लिंबू नाही, भाषण नाही, जेवण झालं की चहाचा कप मुकाट समोर येतो. या शांततेने वीट आणलाय नुसता! शेवटी मीच म्हटलं, "अगं, गाजरात तेल घातलंस का?" तर ढसाढसा रडायलाच लागली. "माझ्यामुळे तुमचे हात गेले, आई." गप्प बस म्हटलं.

३० मे
आज सूनबाईने मला डोळे मिटायला लावले आणि चिमटीत केस ठेवला. "सांगा आई, किती?" म्हटलं, एक. पुन्हा ठेवला. म्हटलं, दोन. टाळ्या पिटत नवऱ्याला फोन करायला धावली! कित्येक दिवसांनी हसली पोर.
डोळे मी पुरते मिटलेच नव्हते.