पंपवाल्या सिनेमाचा शेवट

ड्रोहेडा, आयर्लंड
२७ एप्रिल २०२१

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण मोज्याला भोक आहे आणि वडीलधाऱ्यांना ते दाखवू नये. या देशात सध्या मोजे अत्यावश्यक नाहीत. दूध मिळतं, दारू मिळते; मोज्यांच्या कपाटाला मात्र पिवळी फीत लावलीय, तिथे खून पडल्यासारखी. गल्ल्यावरच्या बाईला विचारलं, पायांचं काय करू? म्हणाली, "यू आर ग्रँड." म्हणजे तुझं उत्तम चाललंय. इथे बुडणाऱ्यालाही ग्रँडच म्हणतात.

वैदेही हे छापून तुझ्या डब्याच्या पिशवीत घालणार आहे. कोविड वॉर्डाच्या दारात आईच्या नावाची पिशवी तेवढी घेतात, लेकीला घेत नाहीत. एखादी सिस्टर वाचून दाखवेल. (सिस्टर, आधीच आभार. घाई असेल तर शेवटचा भाग तेवढा वाचा.)

तो मोठा मास्क लावायच्या आधी तू फोनवर विचारलंस, "उल्या, त्या पंपवाल्याचं पुढे काय झालं रे?" बाकीच्या बायका अशा वेळी दागिन्यांचं बोलतात.

शोधलं. लहानपणी शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये दाखवायचे ते विलायती मुलांचे सिनेमे सगळे नेटवर आहेत. पत्र्याची यानं, वर ओढणारी दोरी स्वच्छ दिसते. मंगळाचा राजा डोक्यावर चाळणी घालून हिंडतो. पोलिसांचा कशावर विश्वास बसत नाही. जग वाचवतात तीन मुलं आणि एक कुत्रा, मग सगळे चहा पितात. ज्ञानदाला शेजारी बसवलं, तर लेक म्हणते, "बाबा, युअर मॅन हॅज अ फिशबोल ऑन हिज हेड." आपल्याला ते माशांचं भांडं कधी दिसलंच नाही, ना?

आपला सिनेमा कुठे थांबला होता, आठवतं? परग्रहावरचा पाहुणा गोठ्यात पडलाय, डोक्यावरच्या त्या काचेच्या भांड्यातली हवा संपत आलीय, आणि धाकटा पोरगा सायकलच्या पंपाने हवा भरतोय. तेवढ्यात प्रोजेक्टरचा दिवा उडाला. प्रोजेक्टरवाले काका म्हणाले, पुढच्या शनिवारी. पुढच्या शनिवारी दुसराच सिनेमा. मग महिनाभर तू मला पाहुणा करून खाटेवर निजवायचीस आणि शेजाऱ्यांच्या पंपाने वाचवायचीस.

काल डबा न उघडता परत आला म्हणे.

मी झडपा बनवतो, ताई. श्वासाच्या यंत्रांच्या. आमच्या कारखान्यातून त्या जगभर जातात आणि मला पुण्याला जाता येत नाही. तिसरं तिकीटही रद्द झालं. पोचलो असतो तरी पिशव्यांच्या रांगेतच उभं केलं असतं. फोनवर "येतोच" म्हणायचो, ते आता म्हणत नाही.

तर शेवट. पंप पुरत नाही. धाकटा मोठा पंप आणायला गावात धावतो. परत येतो तर गोठा रिकामा. पाहुण्याचे लोक येऊन त्याला घेऊन गेलेले. वर एक ठिपका, तोही दोरीला बांधलेला. पाहुणा मरत नाही, ताई. जिथे श्वास घ्यायला कुणाचा पंप लागत नाही, तिथे जातो. निरोप घ्यायचा तेवढा राहतो. या एकाच सिनेमात शेवटी कुणी चहाला बोलवत नाही.

तुझं एवढंच देणं होतं माझ्याकडे.

मोठा पंप घेऊन गोठ्याच्या दारात उभा असलेला,
तुझा
उल्या